फायर सूट बाद कधी करायचा?

संपादक महोदय,

अग्निशमन जवानांच्या साधनांविषयी आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख वाचला. नवा फायर सूट कोणत्या कापडाचा असतो आणि किती उष्णता रोखतो, हे लेखात नेमकेपणाने आले आहे. मात्र तोच सूट वापरात राहून कसा कमकुवत होत जातो आणि तो बाद कधी करायचा, हा प्रश्न त्यात आलाच नाही. कापडाच्या चाचणी प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षे गेली असल्याने त्याविषयी थोडे लिहावेसे वाटले.

हा सूट जळत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. बाहेरच्या थरात वापरले जाणारे मेटा-ॲरामिड, पॅरा-ॲरामिड किंवा पीबीआय हे उष्णतारोधक कृत्रिम धागे नायलॉनसारखे वितळून अंगाला चिकटत नाहीत आणि ज्वाला दूर होताच विझतात, एवढाच त्याचा अर्थ. उष्णतेने ते जीर्ण होत नाहीत, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. पॅरा-ॲरामिडचे, म्हणजे केव्हलारचे उदाहरण घेऊ. हा धागा १६० अंश सेल्सिअसला ५०० तास ठेवला, तर त्याची ताणशक्ती, म्हणजे ओढ सोसण्याची ताकद, साधारण १० टक्क्यांनी घटते. २६० अंशांना मात्र अवघ्या ७० तासांत ती जवळजवळ निम्मी होते. तापमान शंभर अंशांनी वाढले आणि झीज ताशी तीसपटींहून अधिक झाली. आगीत कोणताही सूट सलग ७० तास इतका तापत नाही, हे खरेच. पण प्रत्येक आगीतली ती काही मिनिटे धाग्याच्या खाती जमा होत राहतात. लांबलचक रेणूंच्या साखळ्यांमधले जे बंध एकदा तुटले, ते सूट खुंटीवर टांगून महिनाभर विसावला तरी पुन्हा जुळत नाहीत.

खरी अडचण अशी की ही झीज डोळ्यांना दिसतेच असे नाही. कापड काळवंडले, कडक झाले किंवा करपले तर कोणीही सूट बाजूला काढेल. परंतु त्याच्या बऱ्याच आधी ताणशक्ती आणि फाटण्याला होणारा प्रतिकार घटलेला असू शकतो. याच्या उलट, सूट फिकट पडला म्हणजे तो निकामीच झाला, असेही नाही, कारण रंग जाण्यामागे अनेकदा ऊन आणि धुलाई असते. (अर्थात ऊनही निरुपद्रवी नव्हे. अतिनील किरणांनी पॅरा-ॲरामिड चांगलेच कमजोर होते, आणि तरीही धुतलेले सूट उन्हात वाळत घातलेले मी पाहिले आहेत.) एकदा दिसायला धडधाकट असलेल्या वापरलेल्या कोटाची पट्टी आम्ही यंत्रात ताणली, तेव्हा ती नव्या कापडाच्या मानाने इतक्या लवकर फाटली की नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, असे आधी वाटले. तशी ती झाली नव्हती.

उष्णता रोखण्याच्या चाचणीवरच विसंबले, तर आणखी फसगत होते. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १९७१ क्रमांकाच्या मानकानुसार (ते आता १९७० क्रमांकाच्या मानकात सामावले आहे) सुटाच्या तिन्ही थरांनी, म्हणजे बाहेरचे कापड, मधला पडदा आणि आतले अस्तर यांनी मिळून उष्णतासंरक्षणाचा किमान ३५ हा अंक गाठावा लागतो. म्हणजे चाचणीतल्या प्रखर उष्णतेत त्वचा दुसऱ्या दर्जाची, म्हणजे फोड येण्याइतकी, भाजेल एवढी उष्णता आत पोहोचायला निदान साडेसतरा सेकंद लागले पाहिजेत. हा अंक बराचसा थरांच्या जाडीवर आणि त्यांत अडकलेल्या हवेवर ठरतो. त्यामुळे धागे कमजोर झालेला सूटही या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकतो, आणि प्रत्यक्ष आगीत मात्र खिळ्यात अडकून टराटर फाटू शकतो. फाटलेल्या जागी तो अंक काय कामाचा?

मधल्या थराची कथा निराळी आहे. पाणी बाहेर रोखून घामाची वाफ बाहेर सोडणारा हा पातळ पडदा आणि त्याच्या शिवणींवरच्या चिकटपट्ट्या वारंवार तापून सुटू लागतात, पडद्याला चिरा जातात. पडद्यात पॉलियुरेथेन असेल, तर ओलाव्याने त्याचे विघटनही होते. हा थर आत झाकलेला असल्याने बाहेरून काहीच कळत नाही. पाणी आत झिरपले की ओले अस्तर उष्णता लवकर आत पोहोचवते आणि वाफेने भाजण्याचा धोका वाढतो.

संरक्षक धागा गुपचूप कमजोर होतो, तेव्हा काय घडते, याचा धडा पोलिसांच्या गोळीरोधक जाकिटांनी एकदा दिला आहे. झायलॉन या अत्यंत बळकट धाग्याचे जाकीट घातलेल्या अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका पोलिसाला २००३ मध्ये गोळी जाकीट भेदून लागली. तपासात ओलावा आणि उष्णतेने होणारी झीज समोर आली आणि २००५ मध्ये तेथील न्याय खात्याच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या संशोधन संस्थेने त्या धाग्याच्या जाकिटांची मान्यता काढून घेतली.

एनएफपीएच्या नियमाप्रमाणे फायर सूट उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी बाद करायचा असतो. ही मर्यादा हवीच, पण तिचा अर्थ दहा वर्षे निर्धास्त वापरा असा लावला जातो, तो मला चुकीचा वाटतो. रोज आगीत जाणाऱ्या जवानाचा तीन वर्षांचा सूट हा क्वचित बाहेर पडणाऱ्या जवानाच्या नऊ वर्षांच्या सुटापेक्षा अधिक म्हातारा असू शकतो. सुटाचे वय वर्षांत मोजण्याबरोबर त्याने सोसलेल्या उष्णतेतही मोजले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक सुटाची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि तो कोणत्या आगीत, आत किती वेळ होता, कितीदा भिजला व धुतला गेला, हे त्याच दिवशी तीत लिहावे. गाडीच्या इंजिनाचे तास आपण लिहितोच.

दुसरी सूचना प्रयोगशाळेतल्या माणसाची आहे. ताणशक्ती मोजायची तर कापड फाडावे लागते आणि वापरातला सूट कोणी फाडायला देत नाही. म्हणून सूट शिवतानाच त्याच कापडाच्या काही सुट्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला, शक्यतो खांद्यावर जोडाव्यात. दरवर्षी एक पट्टी उसवून तपासली, की कापडात किती जीव उरला आहे, याचा अंदाज सूट न फाडता येईल. मधल्या पडद्याला हा उपाय लागू पडत नाही. त्याची गळती अस्तर उघडूनच तपासावी लागेल. हे सारे खरेदीच्या निविदेतच लिहिले, तर पुरवठादाराला पट्ट्या जोडून देणे अवघड नाही, मात्र तपासणीचा खर्च कोणी करायचा, हेही तिथेच ठरवून घ्यावे लागेल.

आपला,
एक निवृत्त वस्त्रपरीक्षक