वाडीची शाळा आणि तुझं पिटिशन

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पिटिशन बाबांनी मला मोबाइलवर दोनदा वाचून दाखवलं. पुण्यात राहून तुला वाडीची शाळा आठवली, फार बरं वाटलं.

पण ‘ग्रामीण शिक्षण वाचवा’ हे नाव बदल. त्याला मंत्रालयात कोण उत्तर देणार? आपल्या शाळेचं नाव घाल. पट अकरा, म्हणून शाळा बंद करून मुलं चार किलोमीटरवरच्या समूह शाळेत धाडायचं चाललंय आणि वाटेत ओढा आहे, हे पहिल्याच ओळीत येऊ दे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, आपल्या राज्याचे नियम 2011 चे. पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, असं त्यात आहे. गाडी देऊ, असं उत्तर येईल. जुलैत इथे दुधाची गाडीसुद्धा फाट्यावरच थांबते, हेही आधीच लिहून ठेव.

माझी शाळा त्या ओढ्यानेच सुटली, हे तुला कधी सांगितलं नाही. पाचवीत होते. पाणी चढलं की आजी पाठवायची नाही. दोन पावसाळे असेच गेले, मग माझं दप्तर मामाकडे गेलं. म्हणून जीव तुटतो गं.

नुसत्या सह्यांच्या आकड्यावर विसंबू नकोस. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेची झाडं तोडू नयेत म्हणून 2019 मध्ये हजारोंनी हरकती नोंदवल्या होत्या, तरी ऑक्टोबरात रातोरात कुऱ्हाड चालली. पुढची तोड थांबली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिल्यावर, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. कागद योग्य हातात आणि वेळेत पडायला हवा.

शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. ठरावाचा फोटो पाठवते, तो पिटिशनला जोड. एक प्रत शिक्षणमंत्र्यांना, एक जिल्हा परिषदेला. आमदारांकडे बाबा जातील. विधानसभेची विनंती अर्ज समिती असते, आमदारांनी मनावर घेतलं तर अर्ज तिथवर पोचेल.

तुझ्या मित्रमैत्रिणींच्या सह्या हव्यातच, पण त्यांच्या आधी या अकरा मुलांच्या आयांची नावं दिसू देत. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या सह्या मी कागदावर घेतेय. सात झाल्या. उरलेल्या चौघींकडे उद्या भाकऱ्या उरकून जाते.

तुझी,
आई