पाहुणे मुक्काम अर्धा सोडून गेले त्याबद्दल

गुहागर,
श्रावण वद्य दशमी

प्रिय वंदना,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल रात्री वाचला. तू पाहुण्यांना भाड्याने देतेस त्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये न्हाणीच्या जाळीतून घाण पाणी वर आलं, पाहुणे दुसऱ्याच दिवशी सामान उचलून निघाले, आणि आता उरलेल्या रात्रींचे पैसे परत द्यायचे की बुकिंग पोर्टलच्या नियमावर बोट ठेवायचं, असा तुझा प्रश्न आहे. द्यायचे. उरलेल्या रात्रींचेच कशाला, सगळेच द्यायचे. फोनवर एवढंच सांगून भागलं असतं, पण तू ‘माझी काय चूक’ असंही लिहिलं आहेस आणि त्याचं उत्तर एका वाक्यात मावणारं नाही. शिवाय याच श्रावणात आमच्या पाहुण्यांच्या खोलीतही हेच झालं.

पुण्याचं कुटुंब होतं. नवरा-बायको, दीड वर्षाचं बाळ आणि ऐंशी पार केलेल्या आजी. इथला व्याडेश्वर त्यांचं कुलदैवत. श्रावणी सोमवारी अभिषेक करायचा, आजींचं हे बहुधा शेवटचं येणं, असं त्यांनी बुकिंग करतानाच सांगितलं होतं. शनिवारी आले, मंगळवारी सकाळी निघायचे होते. पाऊस असा की खालचा पाट या आळीतल्या सगळ्या नारळी-पोफळीच्या आगरांत पाणी तुंबलेलं.

रविवारी दुपारी आजींची सून म्हणाली, “ताई, फ्लश केलं की पाणी हळूहळू उतरतंय, आणि बेसिनमधून गुडगुड आवाज येतोय.” हा आवाज तूही लक्षात ठेव. एकच बेसिन तुंबलं असेल तर खोट त्याच्याच पाईपात असते. पण एकीकडे पाणी सोडल्यावर दुसरीकडे गुडगुड झाली आणि सगळ्यांत खालच्या तोंडातून, म्हणजे न्हाणीच्या जाळीतून, पाणी वर आलं, तर अडथळा बाहेरच्या मुख्य लाइनीत किंवा त्याही पुढे आहे. तिथे ॲसिड ओतून आणि पंप मारून काही होत नाही. संध्याकाळपर्यंत जाळीवर पाणी उभं राहिलं.

आमचा नेहमीचा प्लंबर भर पावसात आला. बाहेरचं चेंबर उघडलं तर काठोकाठ भरलेलं. मग सेप्टिक टाकीचं झाकण सरकवलं, तिथेही पाणी आत येणाऱ्या पाईपाच्या वर. टाकी मे महिन्यात उपसून घेतलेली, त्यामुळे ती गाळाने भरणं शक्य नव्हतं. गाळ तळाशी बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी पलीकडच्या पाईपाने शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. ते जाणंच बंद झालं होतं. पावसाने जमीन तुडुंब, त्यामुळे शोषखड्डा आधीच आळसावलेला, आणि बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या तोंडाशी आणखी काहीतरी अडकलेलं.

प्लंबर म्हणाला, “वहिनी, बादलीने थोडं उपसतो नि पोराला आत सोडतो. तासाभरात पाईपाचं तोंड मोकळं करतो.” पोरगं जेमतेम विशीचं, शर्ट काढून उभंच राहिलं होतं.

मी नाही म्हटलं. वंदना, या टाकीत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाईड असतो. या दुसऱ्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास पहिल्यांदा येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासाच होतो, आणि माणूस एकदा आत कोसळला की त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. दरवर्षी बातम्या येतात, एकाच टाकीत बाप आणि मुलगा, दोघे भाऊ. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, उतरवून घेणाऱ्या घरमालकाचासुद्धा. मृताच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं, 2023 मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. पण मला त्या वेळी कायदा आठवत नव्हता. त्या पोराची आई आमच्याकडे सुपारी सोलायला येते, ती डोळ्यांपुढे आली.

म्हणजे आता टाकी उपसणारी सक्शनची गाडी चिपळूणहून यायची, आणि त्या पावसात ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत येणार नव्हती. पाहुण्यांचा मुक्काम मोडला तो इथे. मी तो मोडू दिला आणि पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा मोडू देईन.

लगेच त्यांच्या खोलीवर गेले. रात्री जेवणं झाल्यावर सांगू, असं आमच्या घरातलं मत होतं. मला ते पटलं नाही. ज्याला रात्रीची व्यवस्था करायची आहे त्याला उजेड असतानाच कळलं पाहिजे. “टाकीतून पाणी बाहेर जात नाहीये, गाडी उद्या दुपारी येईल, तोवर तुमचा संडास आणि न्हाणी वापरता येणार नाही. तुमच्या खोलीचे सगळे पैसे मी आत्ता परत करते. दुसरीकडे खोली बघू का?” एवढंच बोलले. पावसाचं, प्लंबरचं, सीझनचं पुराण लावलं नाही. समोरच्याला त्या वेळी कारण नको असतं, रात्र कुठे काढायची ते हवं असतं.

गावात खोली मिळेना, श्रावणी सोमवारमुळे सगळं भरलेलं. वेळणेश्वरला एक होती, पण पहाटे अभिषेकासाठी आजींना तिथून आणायचं म्हणजे हालच. शेवटी आजीच म्हणाल्या, “मी इथेच राहते गं. उद्या अंघोळीचं तेवढं बघ.” आमच्या घरच्या संडासाची टाकी वेगळी आहे, पण तो वाडीत मागे. रात्री दोनदा मी आणि सून मिळून त्यांना छत्रीतून नेऊन आणलं. शेवाळलेल्या चिऱ्यांवर गोणपाटं अंथरली होती. पहाटे मागच्या जुन्या न्हाणीत बंब पेटवला. तिचं पाणी केळीच्या आळ्यात जातं, त्यामुळे तिला टाकीचं काही सोयरसुतक नाही. आजींनी पोटभर गरम पाण्याने अंघोळ केली, सोवळं नेसल्या, सगळे देवळात गेले. अभिषेक यथासांग झाला. दहा वाजता परत आले, पोहे खाल्ले आणि एक रात्र आधीच पुण्याला निघाले. तान्हं मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असताना गाडीच्या भरवशावर कोण थांबेल?

आता पैशांचं. आमच्या घरातसुद्धा विचारणा झाली, शनिवारची रात्र तर नीट गेली ना, मग तिचे का परत द्यायचे? माझा हिशोब वेगळा आहे. ती माणसं एका रात्रीचं छप्पर विकत घ्यायला आली नव्हती. आजींना घेऊन निर्धास्तपणे तीन रात्री राहायचं, हे त्यांनी घेतलं होतं आणि ते मी देऊ शकले नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत याला सेवेतील त्रुटी म्हणता येईल, आणि माझ्या मते घरमालकाची चूक होती की पावसाची हे पाहुण्याने शोधत बसायचं नसतं. तुझ्या ‘माझी काय चूक’ला माझं हेच उत्तर आहे. चूक नसली तरी घर तुझं आहे. जेवणाचे पैसे मात्र आजींच्या मुलाने हट्टाने दिले आणि मी घेतले. अन्न त्यांनी जेवलं होतं, तिथे नको म्हणणं उगाच मोठेपणा झाला असता.

सोमवारी गाडी आली. उपसल्यावर बाहेरच्या पाईपाच्या तोंडाशी लहान मुलांचे वेट वाइप्स आणि झाडाच्या मुळ्या यांचा एक गच्च बोळा निघाला. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, हे वाइप्स कागदासारखे पाण्यात विरघळत नाहीत. लगेच घरात कुजबुज सुरू झाली, बाळ होतं ना त्यांच्याकडे! मी ती तिथेच थांबवली. तसा बोळा दोन दिवसांत होत नाही. मे महिन्याच्या सुट्टीपासून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा त्यात वाटा असणार, आणि तुंबलं त्या दिवशी खोलीत जे होते त्यांच्या माथी ते मारणं मला अन्यायाचं वाटतं. आजींच्या मुलाचा दोन दिवसांनी फोन आला, “ताई, आमच्यामुळे तर नाही ना झालं?” काय निघालं ते मी त्याला खरं सांगितलं, आणि ते कित्येक महिन्यांचं साचलेलं आहे हेही सांगितलं. आता दोन्ही संडासांत झाकणाचा डबा ठेवला आहे.

तुझ्याकडे तर पाहुण्यांवर संशय घ्यायला जागाच नाही. तुझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी त्याच उभ्या पाईपातून उतरतं. तो खाली तुंबला की वरच्यांचं पाणी पहिल्यांदा तुझ्याच जाळीतून बाहेर येणार. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळव, खालचं चेंबर तुझ्यासमोर उघडायला लाव. सामाईक लाइनीचा खर्च सोसायटीचा असतो, तो एकटीने भरू नकोस. आणि ते होईपर्यंत नवं बुकिंग घेऊ नकोस, गणपतीची सुट्टी असली तरी.

पाहुण्यांना आजच पैसे पाठव. सोबत लिही की अडथळा इमारतीच्या पाईपात आहे, तुमचा काही संबंध नाही, आणि तुमची सुट्टी खराब झाली याचं मला वाईट वाटतं. चांगला अभिप्राय द्या असं त्यात चुकूनही लिहू नकोस, नाहीतर पैसे त्यासाठीच दिले असं होईल.

चेंबरमध्ये काय सापडलं ते कळव. काकांना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मृणाल