पायथनचे धडे बेरजेवरच का थांबतात?

महोदय,

पायथनमधून सी भाषेतली तयार लायब्ररी कशी वापरावी, हे सांगणारे लेख आता मराठीतही वाचायला मिळतात. आनंद आहे. पण बहुतेकांतले उदाहरण दोन पूर्णांकांची बेरीज करून संपते. पूर्णांक सीटाइप्समधून (सीची फंक्शने बोलावण्याचे पायथनचे मॉड्यूल) बिनबोभाट पार होतात हो! अडते ते मजकूर पाठवताना. माझी सगळी नोकरी सीमध्ये लायब्ऱ्या लिहिण्यात गेली. त्या आता पायथनवाल्या तरुणांच्या हाती आहेत आणि त्यांचा हाच प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो, म्हणून हे पत्र.

मजकुराचे बाइट मोजणाऱ्या सीच्या स्ट्रलेन फंक्शनला पायथन ३ मधून, आधी काहीही न सांगता, 'मराठी' हा शब्द देऊन पाहा. नेहमीच्या संगणकावर लिनक्स असेल तर उत्तर २, विंडोज असेल तर १०. पायथनचे स्वतःचे लांबी सांगणारे लेन फंक्शन म्हणते ५. एरर मात्र कुठेच नाही, आणि माझा राग आहे तो यावर. पायथन ३ ची स्ट्रिंग युनिकोडची असते. आर्ग्युमेंटचा, म्हणजे फंक्शनला दिलेल्या मूल्याचा, प्रकार ठरवून दिला नाही, तर सीटाइप्स ती 'वाइड कॅरेक्टर' म्हणून धाडते. असे कॅरेक्टर लिनक्सवर ४ बाइटचे, विंडोजवर २ बाइटचे. शून्य बाइट ही सीमध्ये मजकूर संपल्याची खूण, म्हणून स्ट्रलेन बिचारे पहिला शून्य बाइट दिसताच मोजणे थांबवते. लिनक्सवर 'म' चे शेवटचे दोन बाइट शून्यच असतात, आणि इंग्रजी अक्षराचा तर दुसराच. इंग्रजी नाव कितीही लांब द्या, उत्तर १! पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटच असत, त्यामुळे तेव्हाचा कोड जसाच्या तसा उचलणारे हमखास फसतात.

फंक्शनच्या आर्गटाइप्समध्ये (आर्ग्युमेंटच्या प्रकारांची यादी) सी_चार_पी, म्हणजे सीची बाइटची स्ट्रिंग, असे लिहावे आणि मजकूर यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून, म्हणजे बाइटमध्ये बदलून, द्यावा. मग उत्तर येते १५, कारण देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला (युनिकोडमधल्या एकेका अक्षराच्या किंवा मात्रेच्या क्रमांकाला) ३ बाइट लागतात. यानंतर कोणी नुसती स्ट्रिंग दिलीच, तर पायथन तिथल्या तिथे अडवतो.

लायब्ररी तुम्ही दिलेल्या मेमरीत लिहिणार असेल, तर पायथनचे न बदलणारे बाइट्स देऊ नयेत, लिहिता येईल अशी जागा देणारे सीटाइप्सचे क्रिएट_स्ट्रिंग_बफर वापरावे आणि आकारात शेवटच्या शून्याचा बाइट धरावा. लायब्ररीने पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) स्वतःकडे ठेवून घेतला, तर पायथनच्या बाजूनेही ते ऑब्जेक्ट धरून ठेवावे लागते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आपल्या लेखकांना एवढेच सांगा, की पुढच्या वेळी बेरजेऐवजी एखादे मराठी नाव लायब्ररीला पाठवून दाखवा.

आपला,
एक निवृत्त प्रोग्रॅमर