'१/७२' छापलेल्या एकाच खोक्यात तीन प्रमाणांचे नमुने निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लष्करी नमुन्यांचा सदोष संच बदलून मिळणे अथवा रक्कम परत मिळणे.

महोदय,

गिरगावातील आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात यंदा भारत-पाकिस्तान युद्धातील, सप्टेंबर १९६५ मधल्या असल उत्तरच्या लढाईचा छोटा देखावा मांडायचे ठरले आहे. त्यासाठी मी आपल्याकडून एक पाकिस्तानी पॅटन रणगाडा, १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस (डागताना मागे धक्का न देणारी) तोफ बसवलेली जीप आणि सहा भारतीय सैनिक असा संच ४,८५० रुपयांना मागवला. हे पैसे वर्गणीतले असल्यामुळे त्यांचा हिशेब मला चाळीला द्यावा लागतो. खोक्यावर 'संपूर्ण संच १/७२', म्हणजे प्रत्येक नमुना खऱ्या वस्तूच्या बहात्तराव्या भागाइतका, असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. प्रत्यक्षात त्यातला रणगाडा तेवढा १/७२ चा आहे.

हे मी नजरेच्या अंदाजाने म्हणत नाही. खऱ्या पॅटनची रुंदी सुमारे ३.६३ मीटर असते आणि आपला रणगाडा व्हर्नियर या सूक्ष्म मापकावर पन्नास मिलिमीटरहून किंचित जास्त भरतो, म्हणजे तो बिनचूक आहे, आणि त्यावरील काम सुबक आहे हेही मान्य करायला हवे. त्या काळच्या जीपच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर ८० इंच, म्हणजे २,०३२ मिलिमीटर असे. १/७२ मध्ये ते २८.२ मिलिमीटर यायला हवे; मी जीप ग्लू न लावता नुसती जुळवून मोजली तेव्हा ते २६.७ आले, आणि हा आकडा सरळ १/७६ चा आहे. सैनिकांची गोष्ट याहून विचित्र आहे. उभा सैनिक टाचेपासून डोळ्यांपर्यंत २८ आणि डोक्याच्या टोकापर्यंत ३० मिलिमीटर भरतो. रणगाड्याच्या हिशेबाने तो सात फूट एक इंच उंच होतो आणि जीपच्या हिशेबाने साडेसात फूट. असा चालक त्या जीपमध्ये बसवू गेल्यास त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या वर येतात. मोजमापांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर मला दोन उत्तरे दिली. पहिले असे की, '७२ आणि ७६ मध्ये फक्त चारचा फरक आहे.' हा फरक लांबीत साडेपाच टक्के, आणि लांबी, रुंदी व उंची तिन्ही धरून आकारमानात सुमारे साडेसतरा टक्के होतो. डोळ्याला दिसते ते आकारमान. दुसरे उत्तर असे की, माणसे कमीअधिक उंचीची असतातच. माणसे असतात, परंतु कारखान्यातून निघालेली शस्त्रे नसतात. ली-एन्फिल्ड रायफल खरी सुमारे १.१३ मीटर लांब असते आणि १/७२ मध्ये ती सोळा मिलिमीटरच्या आत बसते. आपल्या सैनिकांच्या हातातली वीस मिलिमीटर आहे. बुटका सैनिक आणि उंच सैनिक शेजारी खपून जातात, पण त्यांच्या रायफली व हेल्मेटे लगेच चुगली करतात.

प्रमाणांची सरमिसळ मुळातच निषिद्ध आहे, असे माझे म्हणणे नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाला डोके टेकवून उभा असतो आणि महाराज तर तटबंदीहून उंच असतात, त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. शिवाय देखाव्यात खोली दाखवायची असल्यास लहान प्रमाणाची वस्तू मुद्दाम मागे ठेवतात, ही जुनी युक्ती आहे. परंतु आमच्या देखाव्यात याच लढाईत जीपवरील तोफेने पॅटन उडवणारे हवालदार अब्दुल हमीद यांची जीप सर्वांत पुढे, उभ्या पिकाच्या आडोशाला आहे आणि पॅटन दूरवरून येत आहे. आपल्या संचाने हे नेमके उलटे केले आहे : जवळची जीप आक्रसून मागे सरकते, लांबचा रणगाडा अंगावर येतो, आणि मधले सैनिक दोन्हींपैकी कशाचेच वाटत नाहीत. कोणती सरमिसळ करायची, हे मांडणाऱ्याने ठरवायचे असते; खोक्यावर चुकीचा आकडा छापून आपण तो निर्णय माझ्या हातून परस्पर काढून घेतला आहे.

तरी १/७२ ची जीप आणि त्याच प्रमाणाचे सहा सैनिक, वाहतूक खर्च न आकारता, गणेश चतुर्थीच्या किमान पंधरा दिवस आधी पाठवावेत. ते शक्य नसल्यास संपूर्ण रक्कम परत करावी. रणगाडा एकटा ठेवून घेण्यात मला स्वारस्य नाही. तसेच यापुढे खोक्यावर प्रत्येक नमुन्याचे प्रमाण स्वतंत्र छापावे, आणि सैनिकांची उंची मिलिमीटरमध्ये देताना ती डोळ्यांपर्यंतची की डोक्यापर्यंतची हेही लिहावे, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मुंबईतील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी लागेल. तक्रारदार जिथे राहतो तिथेच ती दाखल करता येते, त्यामुळे मला त्यात फारशी अडचण नाही.

संच मूळ खोक्यात जपून ठेवला आहे. तो परत नेण्यास येणाऱ्या माणसाने सायंकाळी सातनंतर यावे, आणि खोके तीन मजले उतरवायचे असल्याने ते आडवे धरू नये; तोफेची नळी नाजूक आहे.

आपला,
एक ग्राहक
गिरगाव, मुंबई

सोबत : पावतीची प्रत व मोजमापांची छायाचित्रे