डॉक्टर मॅडम, गाठीचं भ्या घालवल्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यातून तुमची बदली झाली तवा निरोप समारंभ वगैरे काही झालाच नाही, ऑर्डर आली अन् तुम्ही गेलात, आम्ही पशुसख्या (गावातल्या जनावरांच्या लशी-उपचारात मदत करणाऱ्या बाया) त्या दिवशी नेमक्या लातूरला ट्रेनिंगला. म्हणून हे असं सगळ्यांसमोरच लिहायलेय. उदगीरकडच्या बाकीच्या बायांनाही कळू द्या आभार कशाचे मानायचेत ते, कारण "मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या" एवढ्यावर मला काही भागवायचं नाही.

तुम्ही यायच्या आधी लसीकरणाची गाडी आली की अर्धा गाव जनावरं घेऊन रानात. कारण एकच, गाठ. लाळ्या-खुरकुताची लस टोचली की म्हशीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ यायची, दोन-चार दिवस धारेला दूध कमी पडायचं अन् लोक म्हणायचे लस बाधली. दुसरी पार्टी बरोब्बर उलटी, त्यांच्या मते गाठ जितकी मोठी तितकी लस भारी. तुम्ही दोघांनाही खोटं पाडलं, अन् तेबी भाषण न देता, आमच्याच दावणीला उभं राहून.

तुम्ही सांगितलं होतं की या लशीत मेलेला विषाणू असतो, ओ, ए अन् एशिया-१ असे तीन प्रकारचे, कारण एका प्रकाराविरुद्ध आलेली ताकद दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. पण नुसता मेलेला विषाणू टोचला तर शरीर त्याच्याकडं फारसं बघतच नाही, म्हणून त्याला सोबती लागतो. जुन्या लशीत तो ॲल्युमिनियमचा जेल असायचा, ती कातडीखाली द्यायची, ताकद लवकर उतरायची. तेलातली लस स्नायूत खोल द्यायची, ती पाटपाण्यासारखी एकदम सुटत नाही, ठिबकसारखी हळूहळू मिळत राहते म्हणून ताकद जास्त दिवस टिकते, पण तेवढे दिवस ते तेल मांसात बसून राहतं अन् शरीरातल्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतात. ती गाठ म्हणजे हे सगळं. पण मानेवर हात फिरवून ताकद कळत नाही, त्यासाठी रक्तच तपासावं लागतं, हे तुम्ही गाठवाल्या पार्टीला लई गोडीनं सांगितलं. मोहिमेत काही जनावरांचं रक्त लसीच्या दिवशी अन् परत महिन्यानी कामून घेतात तेही मला तवाच कळलं, त्याच्याआधी मला वाटायचं कागदं भरायला घेतात.

एक गोष्ट मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. खाटकानं बोकडाच्या मांडीतून काढून फेकलेली गाठ तुम्ही उचलून घेतली होती, आठवतंय का. तो बिचारा म्हणत होता बोकड रोगी निघाला, माझे पैसे वापस द्या, अन् मालक म्हणत होता लसवाल्यांनी द्यावेत. तुम्ही ट्रे मागवला, ब्लेडनं गाठ मधून चिरली. बाहेरून पांढरं घट्ट कवच, आत पिवळसर, पनीरासारखं भुसभुशीत, अन् वास काहीच नाही. तुम्ही नाकाजवळ नेऊन आम्हाला हुंगायला लावलं (शेजारची काकू उलटी करायला पळाली तो भाग वेगळा). म्हणालात, ही आंत्रविषाराच्या (शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात विष होऊन होणाऱ्या रोगाच्या) लशीतल्या जेलची जागा दिसतेय. अन् मग खरा मुद्दा, की मांडीत टोचलंच कशाला, महागाचं मांस तिथंच असतंय ना. तेव्हापासून मी शेळीला कोपराच्या मागं सैल कातडी चिमटीत धरून तिथंच टोचते, अन् आमच्या गटातल्या बायांनाही तेच शिकवलंय.

आता गाठ हाताला लागली की पहिले दाबून बघते. थंड, टणक, जनावर पाय आपटत नाही, खाणंपिणं चालू, तर तिला तिच्या मर्जीवर सोडायचं. गरम, दुखरी, दिवसेंदिवस वाढायली अन् मधून मऊ पडायली तर तो गळू, अन् त्यात लशीपेक्षा सुईचा दोष जास्त. एका खासगी टोचणाऱ्यानं एकाच सुईनं सगळी आळी टोचली होती तवा आमच्या आळीतल्या म्हशींच्या माना कशा फुगल्या होत्या ते तुम्ही बघितलंच. पण बदनाम झाली लस.

२०२२ ला लम्पी (गायींच्या अंगावर गाठी उठवणारा रोग) आला तवा तर तुमची कमालच. गायीला शेळीच्या देवीची लस द्यायची म्हणल्यावर लोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं होतं. देवणी जातीची जनावरं पाळणारे तर ऐकायलाच तयार नव्हते, असल्या देखण्या जनावराला शेळीची लस? तुम्ही सांगितलं की दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले भाऊ आहेत, एकाची ओळख झाली की शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. अन् ही लस जिवंत असते, विषाणू कमजोर केलेला पण जिवंत, त्यामुळं तिचा हिशोबच वेगळा. तिच्यानं थोडा ताप, टोचल्या जागी सूज येऊ शकते, अन् लम्पीच्याच कमजोर विषाणूपासून केलेल्या लशीनं तर एखाद्या गायीच्या अंगावर बारीक गाठीही उठतात. सगळ्यात नवल वाटलं ते पुढचं, की लम्पीत रक्तातली अँटीबॉडी (रोगाशी लढणारं प्रथिन) कमी दिसली तरी जनावर सुरक्षित असू शकतं, कारण इथं पेशींची ताकद जास्त कामाला येते अन् ती साध्या रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणजे लाळ्या-खुरकुताची फूटपट्टी लम्पीला लावता येत नाही. हे मी पुढं एका मोठ्या साहेबांसमोर मीटिंगमधी बोलले तर ते माझ्याकडं बघतच राहिले. क्रेडिट तुमचं.

गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेलोसिस रोगाच्या लशीच्या वेळी तुम्ही गॉगल अन् हातमोजे घातले म्हणून पोरं हसत होती, मॅडम कोरोनाला भ्यायल्या म्हणून. तुम्ही सरळ सांगितलं, या लशीतला एस-१९ हा जिवंत जंतू आहे, सुई आपल्याच हातात शिरली तर आपल्यालाच ताप. ही फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला अन् वगारीला (म्हशीच्या पारडीला), आयुष्यात एकदाच. गोऱ्ह्याला नाही कारण अंडाला सूज येऊ शकते, गाभणीला नाही कारण गर्भच पडू शकतो. अन् मोठेपणी टोचलं तर तपासणीत लशीची अँटीबॉडी कोणती अन् रोगाची कोणती हे ओळखणं अवघड होऊन बसतं. आरबी-५१ नावाच्या दुसऱ्या लशीत हा घोळ होत नाही असंही तुम्ही म्हणाला होतात, ती बाहेरच्या देशात वापरतात.

माझा रोजचा धंदा उस्मानाबादी शेळ्यांचा, म्हणून सगळ्यात जास्त उपयोग मला त्यातला झाला. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या विषाणूरोगाची) लस जिवंत, एकदा नीट लागली की वर्षानुवर्षं टिकते. आंत्रविषाराची तशी नाही, ती निकामी केलेल्या विषाची, पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस पाहिजेच, अन् शेळीत ती मेंढीपेक्षा कमी जोर धरते अन् लवकर उतरते. आमच्याकडं आधी कुणी दुसरा डोस देतच नव्हतं अन् मग पावसाळ्यात कवळं गवत खाऊन करडं पटापट गेली की लस बोगस म्हणून मोकळे.

अन् ती बाटली. मे महिन्यात एवढं ऊन, म्हणून एकानं हौसेनं लस फ्रीजरमधी ठेवली होती, बर्फच केला तिचा. तुम्ही वितळलेली बाटली हलवून उन्हाकडं धरली, आत दह्यासारख्या गुठळ्या. तेलाची असो की जेलची, एकदा गोठली की लस फाटली, आता टोचली तर ताकद नाही. अन् सगळीच्या सगळी पेटी तुम्ही बाजूला काढली. त्या दिवशी रांगेतले लोक तुम्हाला काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. पण दुसऱ्या खेपेला तेच लोक बाटली हातात घेऊन हलवून बघत होते.

आता नवीन डॉक्टर आलेत, चांगले वाटायलेत, अजून चार्ज घेणंच चालू आहे. घटसर्प अन् फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पावसाच्या आधी व्हावी म्हणून आम्ही यादी आत्ताच करून ठेवलीय, कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडी नंबर सगळे तपासून. माझ्या वगारीला मागच्या महिन्यात चौथा महिना लागला, गर्भपात रोखणाऱ्या लशीसाठी तिची नोंद आधी करायला लावलीय. सासूबाईंनी तुमच्यासाठी तूप काढून ठेवलंय, त्या रोज विचारायलेत कधी द्यायचं म्हणून. तुमच्या नव्या गावाकडं जाणारी एसटी सकाळी आहे म्हणे, ड्रायव्हरकडं दिलं तर पोचंल का ते तेवढं कळवा.

तुमची,
शेळीगटातली पशुसखी