मुंबईला स्वतःची चढणीची अर्धमॅरेथॉन हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन जवळ आली की आहार, बूट आणि सरावाविषयी वृत्तपत्रांतून भरपूर मजकूर येऊ लागतो, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यात मुंबई हे समुद्रकाठचे सपाट शहर असल्याचे गृहीत धरलेले असते आणि चढाचा उल्लेख आलाच तर तो पेडर रोडपुरता येतो. पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांना हा चढ परतीच्या वाटेवर, ३५ किलोमीटरच्या आसपास, अंगातले बळ संपत आलेले असताना समोर येतो आणि त्यामुळे धावणाऱ्यांमध्ये त्याची मोठी धास्ती आहे. ही धास्ती घालवायची तर चढाला शर्यतीच्या मध्यभागी आणले पाहिजे. मलबार हिल आणि कंबाला हिलच्या रस्त्यांवर महानगरपालिकेने पोलिसांच्या साहाय्याने दरवर्षी एक अर्धमॅरेथॉन भरवावी, अशी माझी मागणी आहे.

सात बेटांमधल्या खाड्या आणि दलदली बुजवून हे शहर उभे राहिले, तरी पश्चिमेकडची काळ्या पाषाणाची रांग आजही वाळकेश्वरपासून कंबाला हिलपर्यंत आपल्या जागी आहे. तिची उंची पन्नास मीटरच्या आसपास म्हणजे नजरेत भरण्याजोगी नाही. पण २१ किलोमीटरच्या अंतरात ती दोनदा-तीनदा चढून उतरावी लागली, तर चांगल्या तयारीच्या धावपटूचीही कसोटी लागते. चढाची हौस असलेले मुंबईकर आज त्यासाठी साताऱ्याला जातात. यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन उत्तम आहेच, पण प्रवास, मुक्काम आणि रजा यांचा मेळ सर्वांना घालता येत नाही. विरार, कल्याण किंवा पनवेलहून पहाटेच्या लोकलने येऊन धावणाऱ्याला आपल्याच महानगरात ही संधी मिळाली पाहिजे.

चढावरचे धावणे सपाटीवरच्या धावण्यापेक्षा वेगळे का, हे सरावाच्या लेखांत फारसे येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शंभर मीटरला पाच मीटर असा साधा चढ असला, तरी तेवढेच अंतर धावायला सपाटीपेक्षा जवळजवळ तीस टक्के अधिक ऊर्जा लागते. तितक्याच उतारावर यातली सगळी ऊर्जा वाचत नाही आणि चढ-उतार जितका तीव्र, तितकी ही तूट वाढत जाते. म्हणून घड्याळातला प्रतिकिलोमीटर वेग चढावर टिकवू पाहणारा धावपटू पहिल्याच टेकडीवर आपली शिदोरी संपवतो. चढावर वेग आपोआप उतरू द्यावा, पावले आखूड टाकावीत आणि श्वासाची लय सांभाळावी, ही जाण चढ धावल्यानेच येते. खरी इजा तर बहुधा उतारावर होते. उतरताना मांड्यांचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. त्यात त्यांचे सूक्ष्म तंतू दुखावतात आणि ते दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. दिलासा इतकाच की उताराचा असा एक सराव झाला की पुढचे काही आठवडे स्नायू तोच ताण बऱ्याच कमी त्रासात सोसतात.

म्हणूनच ही शर्यत डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी व्हावी असे मला वाटते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागरासाठी पालिका आणि पोलीस यांची यंत्रणा गुंतलेली असते. तो ताण तोवर ओसरलेला असेल. जानेवारीतील मॅरेथॉनला चारेक आठवडे उरलेले असतील, म्हणजे विश्रांतीलाही वेळ मिळेल आणि उताराच्या सरावाचा लाभही हातचा जाणार नाही. पावसाळ्यात या मार्गाचा विचारही करू नये. २०२० च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने केम्प्स कॉर्नरजवळ टेकडीची बाजू खचून संरक्षक भिंत कोसळली होती, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

मार्गासाठी नवा रस्ता नको की पूल नको. गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वर रस्त्याने तीन बत्तीला चढावे, रिज रोडने हँगिंग गार्डनपर्यंत जाऊन केम्प्स कॉर्नरला उतरावे, पेडर रोडची चढण पार करून हाजी अली गाठावे आणि भुलाभाई देसाई रस्त्याने परत फिरून चौपाटीला यावे. अशा दोन फेऱ्या झाल्यावर उरलेले अंतर मरीन ड्राइव्हवर पूर्ण करता येईल. अंतराची मोजणी अर्थातच अधिकृत मोजणीदारांकडून व्हावी. राज्यपालांचे आणि मंत्र्यांची निवासस्थाने याच परिसरात असल्याने सुरक्षेची काळजी अधिक घ्यावी लागेल, पण हे भाग बंदोबस्ताला सरावलेले आहेत. पेडर रोड आणि ब्रीच कँडी येथे मोठी रुग्णालये आहेत. त्यांच्याकडे जाणारी एक मार्गिका रुग्णवाहिकांसाठी सतत मोकळी राहिलीच पाहिजे आणि ध्वनिक्षेपक व ढोलताशे त्या भागात पूर्णपणे बंद असावेत. तेथील रहिवाशांना काही तास गैरसोय सोसावी लागेल. त्यांच्याशी बोलणी आधी व्हावीत आणि तारीख मागाहून जाहीर व्हावी.

काही मित्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा रस्ता किंवा आरे सुचवतात. तिथली चढण सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु पहाटेच्या अंधारात तो बिबट्यांच्या वावराचा प्रदेश असतो आणि हजारो माणसे, दिवे, पाण्याचे पेले घेऊन तिथे शिरणे मला मुळीच मान्य नाही.

आयोजनात दोन गोष्टींवर तडजोड नसावी. मुंबईत डिसेंबरातही हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि चढावर शरीर अधिक तापते. तेव्हा पाण्याचे आणि क्षारयुक्त पेयाचे थांबे किलोमीटर मोजून ठेवण्याऐवजी प्रत्येक चढाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर ठेवावेत. वैद्यकीय पथके माथ्यावर आणि उताराच्या तळाशी हवीत, कारण कोसळण्याचा आणि घसरून पडण्याचा धोका तिथेच अधिक. दुसरी गोष्ट प्रवेशाची. दहा किलोमीटरची एखादी शर्यत पूर्ण केलेल्यांनाच पहिल्या वर्षी प्रवेश द्यावा आणि संख्या हजाराच्या आत ठेवावी. शुल्क मात्र परवडणारे असावे आणि पालिकेच्या शाळांतील होतकरू मुलामुलींसाठी छोट्या अंतराची शर्यत विनामूल्य ठेवावी. सावरपाड्याची कविता राऊत आणि माण तालुक्यातील ललिता बाबर या महाराष्ट्राच्या मुली खेड्यातून धावत देशाच्या संघापर्यंत पोहोचल्या. ललिता तर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत होती. मुंबईच्या डोंगरउतारांवरील वस्त्यांत रोज शेकडो पायऱ्या चढणारी मुले वाढत आहेत आणि त्यांच्यातील धावपटू शोधण्याचे काम आपण अजून नीट हाती घेतलेले नाही.

आपल्या दैनिकाने पालिका, वाहतूक पोलीस, परिसरातील रहिवासी संघ आणि अनुभवी प्रशिक्षक यांना या विषयावर एकत्र बोलवावे, अशी विनंती आहे. येत्या डिसेंबरात निदान एका फेरीची चाचणी शर्यत झाली, तरी मार्गातील अडचणी प्रत्यक्ष कळतील आणि पुढच्या वर्षीचे नियोजन त्यावरून करता येईल.

आपला,
एक धावपटू वाचक
दादर, मुंबई