आपला फेणे मोठा झाला, मंद्या

पुणे
५ नोव्हेंबर २०१७

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज आला होता की 'तो फास्टर फेणे सिनेमा मी नाही बघणार, आपल्या फेणेची वाट लावली असणार', त्यावर लगेच काही बोलले नाही कारण तेव्हा मी बघितलाच नव्हता आणि न बघता भांडायचं कशाला. काल बघून आले, कोथरूडला, ओजसला घेऊन. आणि सांगते तुला, जा. तिकडे बंगळूरला लागला असेल तर तिकडे, नाहीतर पुण्याची एखादी चक्कर मार, पण थिएटरमधून उतरायच्या आत जा.

आधी तुझी तक्रार घेते कारण ती सगळ्यांचीच आहे. माझ्या ओळखीत ज्याने ज्याने भा. रा. भागवतांची ही पुस्तकं वाचलीयेत त्याचं ट्रेलर आल्यापासून एकच, अगं हा एवढा मोठा कसा? आपला बन्या फेणे म्हणजे फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनमध्ये शिकणारा शाळकरी पोरगा, लुकडा, चौकडीचा शर्ट, सायकलवर टांग टाकली की गेलाच. आणि इथे अमेय वाघ. बारावी झालेला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण मुलगा, खिशात मोबाईल. चौकडीचा शर्ट ठेवलाय हं, सायकलपण आहे. पण पोरगा नाही तो, हे खरंच आहे आणि त्यावर मी पुढे बोलणारच आहे.

पण अमेयने पकडलाय रे फेणे. सारखा काहीतरी शोधणारे डोळे, अंगात नुसती चुळबुळ, आणि एक सरळपणा. परीक्षेच्या वेळी त्याला एक मुलगा भेटतो, थोडंसं बोलणं होतं, आणि नंतर कळतं की त्या मुलाने आत्महत्या केली. पोलिसांनी फाइल बंद केली, सगळ्यांनी मान्य केलं, आणि हा एकटा म्हणतो की नाही, मी त्याच्याशी बोललोय, तो असं करणारा नव्हता. बस, तिथून याने जे धरलंय ते सोडत नाही. मंद्या, हेच तर होतं ना आपल्या पुस्तकात? फेणेला कोणी बोलवत नसतं, त्याचं काही देणंघेणं नसतं, पण डोळ्यासमोर काही चुकीचं दिसलं की त्याचे पाय तिकडेच वळतात. आपल्याला लहानपणी तेच आवडायचं, धाडस वगैरे नंतर. क्षितिज पटवर्धनने लिहिताना हे बरोबर ओळखलंय आणि आदित्य सरपोतदारने कुठेही हातातून निसटू दिलेलं नाही.

गोष्टीचा विषय परीक्षेतला घोटाळा आहे, पुढचं सांगत नाही. पण मध्य प्रदेशातलं व्यापम आपण २०१३ पासून पेपरात वाचतोय, डमी उमेदवार, गरीब घरातल्या हुशार पोराने दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायचा, तेव्हा हे बघताना 'असं कुठे असतं' असं एकदाही वाटत नाही. आणि तो खलनायक अप्पा! गिरीश कुलकर्णी. आवाज चढवत नाही, डोळे वटारत नाही, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं शांतपणे बोलतो आणि ऐकताना हातपाय गार पडतात. ओजसने माझं मनगट असं घट्ट धरलं होतं की घरी येईपर्यंत त्याच्या नखांचे वळ होते. सिद्धार्थ जाधवचा अंबादास आला की त्याची पकड सैल व्हायची, परत अप्पा आला की परत घट्ट. तू छोटीला नेणार असशील तर आधी तू एकटा बघ, मग ठरव. काही जागा चौथी-पाचवीच्या मुलांसाठी जड आहेत.

आता फेणेचं ते नेहमीचं 'टॉक'. पडद्यावर त्याने पहिल्यांदा टाळूला जीभ लावून ते केलं आणि आमच्या मागच्या रांगेतून कोणीतरी टॉक केलं, मग पलीकडून अजून एक, मग सगळीकडून. पन्नाशीतले काका-काकू टॉक टॉक करत होते रे! ओजस मान वळवून वळवून बघत होता की ही मोठी माणसं काय करतायत. मला रडू आलं, खरंच. आपल्याला वाटायचं की सातारच्या वाचनालयातली ती टाके निघालेली पुस्तकं आपण दोघांनीच वाचलीयेत, ती मागून-पुढून शोधत फिरलोय, आणि इथे अख्खं थिएटर तेच वाचून मोठं झालेलं. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' आठवतं? प्रतापगड आपल्या जिल्ह्यातला म्हणून तू ते कोणाला देतच नव्हतास.

आणि दिलीप प्रभावळकर. ते चक्क भा. रा. भागवत झालेत, म्हणजे लेखकालाच गोष्टीत आणून बसवलंय आणि फेणे त्यांच्याकडे राहतो. ऐकून मला धाकधूक होती की उगाच भावनिक करतील, पण नाही केलं. एक म्हातारा माणूस, स्वतःच्या व्यापात असलेला, आणि आलेल्या पोराचं म्हणणं मनापासून ऐकणारा. भागवत २००१ साली गेले. ज्या माणसाने १९५१ मध्ये मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, बिपिन बुकलवारसारखी एकेक मुलं आपल्याला दिली, त्यांचं नाव २०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर पात्र म्हणून येतं आणि लोक टाळ्या वाजवतात. हे ज्यांना सुचलं त्यांना मी मनापासून हात जोडते.

आता जे टोचलं ते. मध्यंतरात ओजसने विचारलं, 'आई, तू तर म्हणालेलीस फेणे माझ्याएवढा आहे?' आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते त्याला देण्यासारखं नव्हतं. उत्तर हे की बाळा, हा सिनेमा आमच्यासाठी केलाय. आम्ही पुस्तकं वाचली, आम्ही मोठे झालो, तिकीट आम्ही काढणार, म्हणून फेणेलापण आमच्याबरोबर मोठं केलं.

वय बदललं की नुसती चड्डीची फुलपँट होत नाही रे, सगळं बदलतं. पुस्तकातल्या फेणेचं कोणी ऐकून घेत नाही कारण तो पोर आहे, आणि सगळी मजा, सगळी भीती तिथे आहे. मोठ्या माणसाला सांगावं तर तो म्हणणार 'जा, अभ्यास कर'. म्हणून त्याला स्वतःलाच धावावं लागतं, सायकल दामटावी लागते. अमेयचा फेणे मोठा आहे, त्याच्या सोबतीला अबोली आहे, आणि पर्ण पेठेने ती पत्रकार मस्त केलीये, तो चार ठिकाणी जाऊन चार लोकांशी बरोबरीने बोलू शकतो. तो थ्रिलरचा हिरो होतो, चांगला होतो, पण दहा वर्षांच्या मुलाला जे वाटायला हवं, की हे मीपण करू शकतो, ते निघून जातं. मी मुलगी असून मला ते वाटायचं. वाड्याच्या मागच्या बोळात संशयित शोधत फिरायचे मी, तुला माहितीये. सिनेमात तो भूभू नावाचा छोटा मुलगा आहे, गोड आहे एकदम, ओजसला सगळ्यात जास्त तोच आवडला, यातच काय ते आलं.

कोणी म्हणेल की लहान मुलाला हिरो करून सिनेमा चालत नाही. ते मी अजिबात मानत नाही. दूरदर्शनवर ८० च्या दशकात सुमीत राघवन फेणे झाला होता तेव्हा तो मुलगाच होता आणि लोक अजून नाव काढतात. आणि २०१४ ची 'एलिझाबेथ एकादशी' घे, पंढरपूरची पोरं आणि एक सायकल, बाकी काय होतं त्यात? तरी लोकांनी डोक्यावर घेतला आणि राष्ट्रीय पुरस्कारपण मिळाला. 'किल्ला' घे. मराठीत मुलांकडून काम करून घेणारी माणसं आहेत, बघणारी माणसं आहेत. या टीमने दुसरा भाग काढला तर मला तो शाळेतला फेणे हवाय, आणि प्रतापगडच हवा. असं मी त्यांना लिहिणारपण आहे.

माझ्या ऑफिसमधल्या नागपूरच्या मुलीने एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, तिला सिनेमा माझ्यापेक्षा जास्त आवडला, मध्ये काही खुपलंच नाही. आणि आमच्या शेजारच्या आजोबांना अजिबात नाही आवडला, ते म्हणाले माझा फेणे माझ्या डोक्यात राहू दे. मी दोघांचंही ऐकून घेतलं. दोघांचंही पटलं.

आज सकाळी ओजसला घेऊन डेक्कनला उत्कर्षमध्ये गेले. त्यांच्याकडे फेणेची पुस्तकं आहेत. सगळी एकदम घेणार होते पण तोच म्हणाला की आधी दोन घेऊ, आवडली तर परत येऊ, आणि ते मला बरं वाटलं, त्याची त्याला निवडू दे. रिक्षातच वाचायला सुरुवात केली त्याने. एक-दोन ठिकाणी अडला, काही शब्द जुने आहेत, पण मला विचारून पुढे जात होता. जेवायला हाक मारली तर 'थांब गं' म्हणाला. मी थांबले.

छोटीला मराठी वाचायला येतं का रे नीट? तू म्हणाला होतास की बोलते पण वाचायचा कंटाळा करते. तसं असेल तर तू रोज रात्री दोन-दोन पानं मोठ्याने वाच, फेणेची वाक्यं तोंडाने वाचायला फार छान आहेत, पळती आहेत. मी इकडून 'चिंकूचे चाळे आणि फास्टर फेणे' कुरिअर करते तिच्या नावाने. तू आधी वाचून संपवू नकोस.

सिनेमा बघितलास की फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी. वहिनीला सांग की फराळाचा डबा पोचला, चिरोटे ओजसनेच संपवले. काकूंना नमस्कार.

तुझी,
सुमी